कर्ज काढायचे की शेअर? प्रति शेअर कमाईवरचा परिणाम पायरीपायरीने कसा मोजावा

"कर्ज स्वस्त, इक्विटी महाग, म्हणून कर्ज घेतले की ईपीएस (प्रति शेअर कमाई) वाढते." "कंपनी कर्जमुक्त झाली, आता भागधारकांचे भले होणार." ही दोन्ही वाक्ये सारख्याच ठामपणे बोलली जातात आणि आकडे न मांडता बोलली तर दोन्ही चुकीची ठरतात. भांडवलाच्या मिश्रणाचा ईपीएसवरचा परिणाम तीन गोष्टी ठरवतात: कंपनीचा ईबीआयटी, म्हणजे व्याज आणि कर वजा करण्यापूर्वीचा नफा, कोणत्या पट्ट्यात फिरतो, नव्या कर्जाचा खरा दर किती आणि नवे शेअर कोणत्या भावाला निघतात. यातली तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात.

बाकीच्या चुका क्रमामुळे होतात. करोत्तर नफ्यापासून सुरुवात केली की त्यात जुने व्याज, एकवेळचा नफा आणि कर आधीच मिसळलेले असतात, आणि पुढचे सगळे गणित तिरके जाते. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

## तयारी: हाताशी काय हवे

- कंपनीचा ताजा वार्षिक अहवाल. त्यातले एकत्रित, म्हणजे कन्सॉलिडेटेड, ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक. शिवाय कर्जे, वित्तीय खर्च, भागभांडवल आणि ईपीएस या चार विषयांवरच्या टिपा.
- किमान ७ ते १० वर्षांचा ईबीआयटी. एक तेजी आणि एक मंदी त्यात आलीच पाहिजे.
- क्रिसिल, इक्रा किंवा केअर यांपैकी जिने रेटिंग दिले असेल त्या संस्थेचे रेटिंगचे टिपण. ते संकेतस्थळावर मोफत मिळते. कर्जफेडीच्या हप्त्यांचा अंदाज वार्षिक अहवालापेक्षा त्यात लवकर सापडतो.
- शेअर विक्री जाहीर झाली असेल तर तिचा प्रस्ताव दस्तऐवज: भाव, प्रमाण, पैसे कशासाठी वापरणार आणि खर्च किती.
- एक स्प्रेडशीट. ईबीआयटी, व्याजदर, इश्यूचा भाव, कराचा दर हे प्रत्येक गृहीतक स्वतंत्र चौकटीत ठेवा. सूत्रात थेट आकडा टाकू नका, पुढे ताण तपासताना तो हमखास विसरला जातो.

संपूर्ण लेखासाठी एकच काल्पनिक कंपनी घेऊ. शेअर ५ कोटी, भागधारकांचा निधी ३०० कोटी रुपये, जुने कर्ज १०० कोटी रुपये १० टक्क्यांनी, चालू ईबीआयटी ६० कोटी रुपये, शेअरचा बाजारभाव ९० रुपये. कराचा दर २५.१६८ टक्के. २०१९ मध्ये देशी कंपन्यांसाठी जो सवलतीचा पर्याय आला, त्यातला २२ टक्के मूळ दर, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर मिळून हा आकडा होतो. आजची स्थिती अशी:

करपूर्व नफा ६० − १० = ५० कोटी. करोत्तर नफा ५० × ०.७४८३२ = ३७.४२ कोटी. ईपीएस ७.४८ रुपये. पी/ई, म्हणजे बाजारभाव भागिले ईपीएस, साधारण १२.

या कंपनीला खेळत्या भांडवलासह १५० कोटी रुपयांचा नवा कारखाना उभारायचा आहे. तो पूर्ण क्षमतेने चालला की ईबीआयटीत २४ कोटींची भर पडेल, म्हणजे एकूण ८४ कोटी.

## टप्पा १: ईबीआयटी स्वच्छ करा

१. करपूर्व नफा घ्या आणि त्यात वित्तीय खर्च परत मिळवा.

२. अपवादात्मक बाबी बाहेर काढा: जमीन विकून झालेला नफा, कर्ज माफ झाल्याने आलेला नफा, कारखाना बंद करण्याचा खर्च.

३. "इतर उत्पन्न" उघडून पाहा. मुदत ठेवींवरचे व्याज आणि म्युच्युअल फंडांवरचा लाभ हे कारखान्याचे उत्पन्न नव्हे. ती रोकड नव्या प्रकल्पात जाणार असेल तर ते उत्पन्नही जाणार, म्हणून वगळा.

४. सहयोगी कंपन्यांच्या नफ्यातला वाटा वेगळ्या ओळीत ठेवा. तो करानंतरचाच असतो, त्यावर पुन्हा कर लावू नका.

५. उपकंपन्यांत बाहेरच्यांचा हिस्सा असेल तर त्यांच्या वाट्याचा नफा ईपीएसपूर्वी वजा करायचा आहे. आत्ताच त्याची नोंद करून ठेवा.

सावधान: ईबीआयटीच्या जागी ईबीआयटीडीए, म्हणजे घसाराही वजा करण्यापूर्वीचा नफा, वापरू नका. नव्या कारखान्याबरोबर मोठा घसारा येतो आणि ईपीएस घसाऱ्यानंतरची असते. प्रकल्प अहवालात "ईबीआयटीडीए ३६ कोटी" लिहिले असेल आणि घसारा १२ कोटी असेल, तर तुमचा आकडा २४ कोटी आहे.

तपासणी: स्वच्छ ईबीआयटीतून जुने व्याज आणि कर वजा करून आलेली ईपीएस अहवालातल्या ईपीएसशी जुळवून पाहा. फरक पडेलच, पण तो वर काढून ठेवलेल्या बाबींनी पैशापर्यंत समजला पाहिजे. तो समजत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: कर्ज आणि त्याचा खरा दर

ताळेबंदात "दीर्घकालीन कर्जे" ही एकच ओळ पाहून थांबणे ही नेहमीची चूक. कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ मध्ये २०२१ साली बदल झाल्यापासून दीर्घ मुदतीच्या कर्जाचा पुढल्या १२ महिन्यांत फेडायचा भाग अल्पकालीन कर्जांत दाखवला जातो. दोन्ही ओळी बेरजेत हव्यात. भाडेपट्ट्यांचे दायित्व तिसऱ्या ओळीत असते आणि इंड एएस (भारतीय लेखा मानक) ११६ नुसार त्यावरचे व्याज वित्तीय खर्चातच मोजले जाते. म्हणजे वित्तीय खर्च आणि कर्ज यांचा भागाकार करताना एकतर दोन्हीकडे भाडेपट्टे धरा, नाहीतर दोन्हीकडून काढा.

नव्या कर्जाचा दर ठरवताना तीन गोष्टी मिळवा.

१. प्रक्रिया शुल्क. ते इंड एएस १०९ नुसार प्रभावी व्याजदरात मिसळून कर्जाच्या मुदतीत पसरते. त्यामुळे मंजुरीपत्रातल्या दरापेक्षा नफा-तोटा पत्रकातला दर वर असतो.

२. हेजिंगचा, म्हणजे विनिमय दराच्या चढउतारापासून संरक्षण घेण्याचा, खर्च. परकीय चलनातले ६ टक्क्यांचे कर्ज रुपयात ६ टक्क्यांना पडत नाही. हेजिंग केले तर त्याचा खर्च मिळवा. केले नसेल तर रुपया घसरण्याची तरतूद गृहीत धरा.

३. जास्त कर्जामुळे चढणारा दर. हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. आपल्या उदाहरणात कंपनी ७५ कोटी घेते तेव्हा बँक १० टक्के सांगते आणि १५० कोटी घेते तेव्हा पूर्ण रकमेवर ११ टक्के. व्याज अनुक्रमे ७.५ कोटी आणि १६.५ कोटी. म्हणजे दुसऱ्या ७५ कोटींसाठी ९ कोटी जास्तीचे गेले. त्या रकमेचा दर १२ टक्के झाला! मंजुरीपत्रावर हा आकडा कुठेही लिहिलेला नसतो, पण निर्णय त्याच्यावरच फिरतो. टप्पा ५ मध्ये तो पुन्हा लागेल.

सावधान, प्रेफरन्स शेअर (ठरावीक लाभांशाचा अग्रहक्क असलेले शेअर): ठरावीक मुदतीनंतर परत करायचे प्रेफरन्स शेअर इंड एएस ३२ नुसार सहसा दायित्वात येतात आणि त्यांवरचा लाभांश वित्तीय खर्चात दिसतो. आयकरात मात्र त्याची वजावट मिळत नाही. व्याजाच्या बेरजेत तो मिसळून त्यावर कराची बचत धरली तर ईपीएस फुगलेली दिसेल. त्याची स्वतंत्र ओळ ठेवा आणि तो करोत्तर नफ्यातून वजा करा.

## टप्पा ३: शेअरची संख्या

ईपीएसच्या भागाकारात वर्षअखेरची संख्या घालायची नसते. लागते ती भारित सरासरी, म्हणजे शेअर वर्षात जितका काळ होते त्या प्रमाणात मोजलेली संख्या. इंड एएस ३३ चे चार नियम इथे लागतात:

- नवे शेअर पैसे मिळण्याच्या हक्काच्या दिवसापासून मोजले जातात, साधारणपणे वाटपाच्या तारखेपासून.
- सक्तीने शेअरमध्ये बदलणारे रोखे करार झाल्या दिवसापासूनच मूळ ईपीएसमध्ये धरले जातात. "अजून बदलले नाहीत" म्हणून वगळणे चूक.
- वॉरंट (पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क), कर्मचाऱ्यांचे ईसॉप (शेअर घेण्याचे पर्याय) आणि ऐच्छिक परिवर्तनीय रोखे डायल्यूटेड ईपीएसमध्ये, म्हणजे असे संभाव्य शेअरही धरून काढलेल्या ईपीएसमध्ये, येतात. तुलना डायल्यूटेड आकड्यांची करा.
- अंशतः भरणा झालेले शेअर लाभांशात जेवढा वाटा मिळतो तेवढेच मोजले जातात. रिलायन्स इंडस्ट्रीजच्या २०२० च्या ५३,१२४ कोटी रुपयांच्या राइट्स इश्यूत, म्हणजे जुन्या भागधारकांना प्रमाणात देऊ केलेल्या शेअर विक्रीत, १,२५७ रुपयांच्या भावापैकी अर्जासोबत एक चतुर्थांश रक्कमच भरायची होती. अशा इश्यूत पहिल्या दिवसापासून सगळे शेअर पूर्ण धरले की त्या वर्षाची ईपीएस कमी येते.

इश्यूचा खर्च सहसा शेअर अधिमूल्यातून (दर्शनी किमतीच्या वर मिळालेल्या रकमेतून) वजा होतो, नफ्यातून नाही. तरी तो फुकट नसतो. हातात १५० कोटी यायला हवेत आणि खर्च ३ कोटी असेल, तर १५३ कोटींचे शेअर विकावे लागतात. उदाहरण सुटसुटीत राहावे म्हणून खाली हा खर्च धरलेला नाही. तुमच्या स्प्रेडशीटमध्ये धरा.

राइट्स इश्यूतली खास अडचण. बाजारभाव ९० असताना विद्यमान भागधारकांना ५ शेअरमागे २ शेअर ७५ रुपयांना दिले, तर त्या सवलतीत बोनसचा अंश असतो. हक्कानंतरचा सैद्धांतिक भाव (५ × ९० + २ × ७५) ÷ ७ = ८५.७१ रुपये. गुणक ९० ÷ ८५.७१ = १.०५. आता जुनी ईपीएस ७.४८ राहत नाही, ७.१३ होते. अहवालात मागच्या वर्षाचा आकडा बदललेला पाहून अनेकांना चूक झाल्यासारखे वाटते. ती चूक नसते, हाच गुणक लागलेला असतो.

वाटप बरोबर वर्षाच्या मध्यावर झाले तर भारित सरासरी (५ × १.०५ × ६/१२) + (७ × ६/१२) = ६.१२५ कोटी शेअर. साधी सरासरी ६ कोटी येईल, ती चुकीची. क्यूआयपी (मोठ्या संस्थांना शेअर विक्री) किंवा प्राधान्य वाटपात (निवडक गुंतवणूकदारांना विक्री) मात्र हा गुणक लावायचा नसतो, कारण तिथे शेअर सर्व जुन्या भागधारकांना प्रमाणात दिलेले नसतात.

## टप्पा ४: आराखडे शेजारी शेजारी मांडा

आता तीन आराखडे, तीनही पूर्ण वर्षाचे. इश्यूचा भाव ७५ रुपये.

- अ, सगळी इक्विटी: २ कोटी नवे शेअर, एकूण ७ कोटी. व्याज १० कोटी.
- ब, सगळे कर्ज: शेअर ५ कोटीच. व्याज १० + १६.५ = २६.५ कोटी.
- क, निम्मे निम्मे: १ कोटी नवे शेअर, एकूण ६ कोटी. व्याज १० + ७.५ = १७.५ कोटी.

| ईबीआयटी, कोटी रुपये | अ: ईपीएस | ब: ईपीएस | क: ईपीएस |
|---|---|---|---|
| ८४ | ७.९१ | ८.६१ | ८.२९ |
| ६० | ५.३५ | ५.०१ | ५.३० |
| ४० | ३.२१ | २.०२ | २.८१ |

सूत्र एकच: (ईबीआयटी − व्याज) × (१ − कर) ÷ शेअर. ८४ कोटींच्या ओळीवर नजर थांबली तर कर्ज जिंकते. संचालक मंडळासमोरच्या सादरीकरणात बहुधा तेवढी एकच ओळ असते. खालच्या दोन ओळींत क्रम उलटतो.

तपासणी: ईबीआयटी ८४ वरून ६० वर आला, म्हणजे २८.६ टक्के घसरला. अ मध्ये ईपीएस ३२.४ टक्के घसरायला हवी आणि ब मध्ये ४१.७ टक्के. हे आकडे ईबीआयटी ÷ (ईबीआयटी − व्याज) या गुणोत्तरातून येतात: अ साठी ८४ ÷ ७४ = १.१४ आणि ब साठी ८४ ÷ ५७.५ = १.४६. तुमच्या तक्त्यातली घसरण या गुणाकाराशी जुळली नाही तर व्याजाची ओळ कुठेतरी ईबीआयटीबरोबर बदलते आहे. सूत्र तपासा.

सावधान: व्याज ईबीआयटीपेक्षा जास्त झाले तर ऋण आकड्याला ०.७४८३२ ने गुणू नका. तोटा झाला म्हणून आयकर खाते रोख परत देत नाही. तोटा पुढे ओढता येतो, पण ती बचत नफा होईल त्या वर्षी मिळते.

## टप्पा ५: तटस्थ बिंदू काढा

दोन आराखड्यांची ईपीएस जिथे सारखी होते तो ईबीआयटी म्हणजे तटस्थ बिंदू. काढण्याची रीत: जास्त शेअरच्या आराखड्याची शेअरसंख्या गुणिले दुसऱ्याचे व्याज, त्यातून कमी शेअरसंख्या गुणिले पहिल्याचे व्याज वजा करा, आणि शेअरसंख्यांतल्या फरकाने भागा.

- अ आणि ब: (७ × २६.५ − ५ × १०) ÷ २ = ६७.७५ कोटी
- अ आणि क: (७ × १७.५ − ६ × १०) ÷ १ = ६२.५ कोटी
- क आणि ब: (६ × २६.५ − ५ × १७.५) ÷ १ = ७१.५ कोटी

वाचायचे असे: ईबीआयटी ६२.५ कोटींच्या खाली राहणार असेल तर इक्विटी सरस, ६२.५ ते ७१.५ मध्ये निम्मे निम्मे सरस, त्यावर कर्ज सरस. पाठ्यपुस्तकी उदाहरणांत कर्जाचा दर सगळीकडे एकच धरतात, त्यामुळे मिश्र आराखडा कधीच पहिला येत नाही. बँक जास्त कर्जाला जास्त दर लावते हे हिशेबात घेतले की मधला पट्टा तयार होतो, आणि खऱ्या कंपन्या बहुतेकदा त्याच पट्ट्यात असतात.

कराचा दर इथे कुठेच आला नाही, हे लक्षात घ्या. प्रेफरन्स लाभांश नसेल तर कर तटस्थ बिंदू हलवत नाही. "कर वाचतो म्हणून कर्ज" हा युक्तिवाद ईपीएसच्या तुलनेत लोक समजतात तितका जड नाही.

तपासणी, आणि हीच सगळ्यात उपयोगी: तटस्थ बिंदूवरची ईपीएस = इश्यूचा भाव × कर्जाचा करोत्तर दर. अ आणि ब साठी ७५ × ११% × ०.७४८३२ = ६.१७ रुपये. ६७.७५ कोटींवर दोन्ही आराखड्यांची ईपीएस ६.१७ च येते. क आणि ब साठी दर ११ टक्के नाही, टप्पा २ मधला १२ टक्के: ७५ × १२% × ०.७४८३२ = ६.७३.

या एका ओळीत विषयाचे मर्म आहे. इश्यूचा भाव वाढला की तटस्थ बिंदू वर सरकतो. हीच कंपनी तेजीत १५० रुपयांना शेअर विकू शकली तर १ कोटी नवे शेअर पुरतात आणि अ व ब यांचा तटस्थ बिंदू १०९ कोटींवर जातो. ८४ कोटींवर इक्विटीची ईपीएस ९.२३ आणि कर्जाची ८.६१. म्हणजे पूर्ण क्षमतेवरसुद्धा कर्ज मागे पडते. मध्यम आकाराच्या अनेक कंपन्या तेजीत क्यूआयपी काढतात त्याचे गणित हेच. झटपट अंदाजासाठी: १ ÷ करोत्तर व्याजदर काढा. ११ टक्के कर्जासाठी ते साधारण १२ येते. इश्यूचा भाव भागिले कर्जाच्या आराखड्यातली ईपीएस हे गुणोत्तर १२ च्या वर असेल तर नवी इक्विटी ईपीएसला कर्जापेक्षा बरी.

सावधान: भागधारकांच्या निधीवरचा परतावा, म्हणजे आरओई, पाहून हा निर्णय करू नका. ईबीआयटी ६० असताना ब ची ईपीएस अ पेक्षा कमी आहे, तरी आरओई ब मध्ये ८.३६ टक्के आणि अ मध्ये ८.३१ टक्के येतो. कारण नवे शेअर ६० रुपयांच्या पुस्तकी मूल्यापेक्षा (३०० कोटींचा निधी ÷ ५ कोटी शेअर) वर विकले गेले. दोन मापे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

## टप्पा ६: वर्षे ओळीने मांडा

वरचे गणित एका स्थिर वर्षाचे झाले. प्रत्यक्षात तीन वेगवेगळी वर्षे येतात.

बांधकामाचे वर्ष. कारखाना उभा राहत असताना त्याच्या कर्जावरचे व्याज इंड एएस २३ नुसार मालमत्तेच्या किमतीत जाते, नफा-तोटा पत्रकात नाही. म्हणून ब मध्ये ईपीएस ७.४८ च दिसते. अ मध्ये शेअर लगेच वाढतात: ३७.४२ ÷ ६.१२५ = ६.११. या वर्षाचे आकडे पाहून "इक्विटीने नुकसान केले" म्हणणे घाईचे.

पहिले उत्पादन वर्ष. व्याज आणि घसारा पूर्ण, उत्पादन अपुरे. कारखान्याने २४ ऐवजी १२ कोटीच दिले तर ईबीआयटी ७२: अ ६.६३, ब ६.८१, क ६.८०. तिन्ही आराखड्यांत ईपीएस आधीपेक्षा खाली. प्रकल्प फसला असा याचा अर्थ नाही, पण हे वर्ष अंदाजात नसेल तर तुमचा तक्ता अपुरा आहे. उत्पादन सुरू व्हायला सहा महिने उशीर झाला तर काय, हीही एक ओळ घाला.

पूर्ण क्षमतेचे वर्ष. इथे टप्पा ४ चा तक्ता लागू होतो, पण तोवर काही कर्ज फिटलेले असते. व्याज दरवर्षी घटवत न्या. शेअर मात्र घटत नाहीत. लांबच्या वर्षांत ब चे पारडे यामुळे जड होते.

व्याजदराचा ताणही याच टप्प्यात. एमसीएलआरला (बँकेच्या निधीखर्चावर आधारलेल्या बदलत्या दराला) बांधलेले सगळे २५० कोटींचे कर्ज १ टक्क्याने महागले तर ब मध्ये व्याज २.५ कोटींनी वाढते आणि ईपीएस सुमारे ३७ पैशांनी घटते.

## टप्पा ७: रोकड पुरते का ते पाहा

ईपीएसमध्ये मुद्दल दिसत नाही. हप्ता नफ्यातून वजा होत नाही, पण बँकेच्या खात्यातून जातो. ज्या कंपन्या ईपीएस चांगली असताना अडचणीत येतात, त्यांची गोष्ट बहुधा इथे असते.

ब आराखडा घ्या. घसारा ३० कोटी, जुन्या कर्जाचा वार्षिक हप्ता १५ कोटी, नवे कर्ज सहा वार्षिक हप्त्यांत, म्हणजे २५ कोटी.

- देणे: व्याज २६.५ + मुद्दल ४० = ६६.५ कोटी
- ईबीआयटी ६० असताना उपलब्ध: करोत्तर नफा २५.०७ + घसारा ३० + व्याज २६.५ = ८१.५७. उपलब्ध ÷ देणे हे गुणोत्तर १.२३
- ईबीआयटी ४० असताना: १०.१० + ३० + २६.५ = ६६.६०. गुणोत्तर १.००

शेवटच्या ओळीत ईपीएस २.०२ रुपये आहे, कंपनी नफ्यात आहे, आणि तरी यंत्रांच्या दुरुस्तीलाही रुपया उरत नाही. ग्राहकाने देणे दोन महिने लांबवले की हप्ता चुकतो. बँका या गुणोत्तरात थोडी तरी फट मागतात. आपणही सगळ्यात वाईट वर्षी किमान १.२ धरावे असे आमचे मत. मागच्या दहा वर्षांतला सर्वांत वाईट ईबीआयटी या ओळीत घालून पाहा. गुणोत्तर १ च्या खाली गेले तर तो आराखडा बाद, मग ८४ कोटींवर त्याची ईपीएस कितीही असो.

## टप्पा ८: ईपीएसवरून शेअरच्या भावाकडे

पी/ई स्थिर धरू नका. कर्ज वाढले की कमाईची अस्थिरता वाढते आणि बाजार त्या कमाईला कमी पट देतो. ब ची ८.६१ गुणिले ११ म्हणजे ९४.७ रुपये. अ ची ७.९१ गुणिले १२ म्हणजे ९४.९ रुपये. पी/ई एका अंकाने उतरला आणि ७० पैशांची आघाडी संपली.

भागधारकाचे स्वतःचे पैसे मोजा. राइट्समध्ये ५ शेअरवाल्याने आणखी १५० रुपये घातले. अ मध्ये त्याच्या ७ शेअरची कमाई ५५.३८ रुपये, ब मध्ये ५ शेअरची ४३.०३ रुपये. जास्तीचे १२.३५ रुपये म्हणजे १५० वर ८.२३ टक्के, जो बरोबर ११ टक्के कर्जाचा करोत्तर दर आहे. राइट्समध्ये पैसे घालणाऱ्याला कर्जाच्या तुलनेत मिळाले ते एवढेच, आणि ते ईबीआयटी कितीही असला तरी तेवढेच मिळते. हे पैसे दुसरीकडे, तेवढ्याच जोखमीने, किती कमावतील हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःपुरता सोडवायचा.

## उलटे गणित: शेअर विकून कर्ज फेडताना

सूत्रे तीच, दिशा उलटी. वाचलेले व्याज करानंतर किती आणि नवे शेअर किती, एवढेच पाहायचे. पुण्याच्या सुझलॉन एनर्जीने २०२२ मध्ये ५ रुपये भावाने १,२०० कोटींचा राइट्स इश्यू आणला, म्हणजे २४० कोटी शेअर. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये १७.५५ रुपयांनी २,००० कोटींची क्यूआयपी केली, तिच्यात सुमारे ११४ कोटी शेअर गेले. जास्त पैसे, निम्म्याहून कमी शेअर. कर्ज फेडणाऱ्या कंपनीसाठी इश्यूचा भाव किती निर्णायक असतो ते या दोन आकड्यांत दिसते. पहिला इश्यू मात्र गरजेचा होता. कर्जाचा भार मोठा असताना भावाची वाट पाहण्याची मुभा नसते, आणि अशा वेळी टप्पा ७ हा टप्पा ५ च्या आधी येतो.

अशा कंपन्यांचे अहवाल वाचताना तीन चुका टाळा:

१. कर्जाच्या पुनर्रचनेत बँकांनी सोडून दिलेली रक्कम एकवेळचा नफा म्हणून येते आणि त्या वर्षाची ईपीएस उसळते. ती टप्पा १ मध्येच बाहेर काढलेली असली पाहिजे.

२. जुना साचलेला तोटा असेल तर काही वर्षे कर जवळपास लागत नाही. त्या काळात वाचलेल्या व्याजावर कराची वजावट करू नका, सगळी बचत भागधारकांची. तोटा संपला की २५.१६८ टक्के सुरू होतात आणि ईपीएस धंदा न बिघडताही घटते. ते वर्ष आधीच खुणा करून ठेवा.

३. "निव्वळ कर्जमुक्त" याचा अर्थ कर्ज शून्य असा नाही. कर्जातून रोकड आणि गुंतवणूक वजा करून आलेला तो आकडा आहे. वित्तीय खर्चाची ओळ तरीही भरलेली असू शकते: भाडेपट्टे, बँक हमीचे शुल्क, बिल डिस्काउंटिंग. व्याज थेट शून्य न धरता त्या टिपेतली प्रत्येक बाब तपासा.

पुढे प्रत्येक तिमाहीचा निकाल आला की स्प्रेडशीटमधल्या चारच चौकटी बदला: मागील चार तिमाहींचा ईबीआयटी, वित्तीय खर्च, डायल्यूटेड शेअर आणि कराचा प्रत्यक्ष दर. ईबीआयटी तटस्थ बिंदूच्या दहा टक्क्यांच्या आत आला तर टप्पा ७ पुन्हा करा.